इटलीतली दोन मराठी नावं

इटलीला जाऊन आलो म्हटल्यावर स्मरणिकेच्या मंडळींनी माझ्याकडे प्रवासवर्णन मागितलं. पण कोलोसियम आणि पिसाचा झुकता मनोरा आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहून झाला आहे, त्याचीच उजळणी पुन्हा कशाला? शिवाय हे पान आपल्या इतिहासाच्या सरांच्याही हाती पडणार, हे डोक्यात आहेच. म्हणून ज्या दोन मराठी माणसांपायी आमची सहल दोनदा वाकड्या वाटेला गेली, त्यांच्याबद्दल लिहितो. त्यातला एक छत्रपती होता आणि दुसरा पलटणीतला नाईक.

कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे) १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. १८७० मध्ये ते विलायतेला गेले. हिंदू राजानं समुद्र ओलांडायचा म्हणजे तेव्हा लहान गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. या प्रवासाची त्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहिली होती, ती त्यांच्या पश्चात १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून लंडनला छापली. परतीच्या वाटेवर ते फ्लॉरेन्सला पोचले आणि तिथंच ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय अवघं वीस.

त्या दिवसांत फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. इटालियन फौजांनी रोम घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि राजधानी हलायची होती. अशा गडबडीच्या शहरात एका परक्या राजाच्या माणसांनी प्रेताला अग्नी द्यायची परवानगी मागितली. कॅथलिक इटलीत दफनाशिवाय दुसरा रिवाज नव्हता. मिलानमध्ये आधुनिक पद्धतीचं पहिलं दहन झालं ते १८७६ मध्ये, म्हणजे याच्या पाच वर्षांनंतर. तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, चिता रचली गेली. संगमच का, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेला ते त्या रात्री कुणी आणि कसं समजावून सांगितलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

१८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रचला, तेच हे मँट. छत्रीखालचा अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकारानं घडवला. कॅशिने नावाचं लांबच लांब उद्यान आहे, त्याच्या अगदी पश्चिम टोकाला ही छत्री आहे. आम्ही ट्रामनं उद्यानाच्या तोंडाशी उतरलो आणि पुढं तीन-साडेतीन किलोमीटर पायीच गेलो. सौ. वाटेत दोनदा म्हणाली, की एवढ्या वेळात आणखी एक चर्च पाहून झालं असतं. छत्रीपाशी पोचल्यावर मात्र ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आपल्या धाकट्याएवढाच होता की हो." जवळच्या मोठ्या पुलाला तिकडं 'इंडियानो'चा पूल म्हणतात. आम्हाला परत आणणाऱ्या टॅक्सीवाल्याला पूल पक्का ठाऊक होता, पण तो इंडियानो कोण, हे त्याला आमच्याकडून कळलं.

आता नाईक. मुलगी आणि जावई जर्मनीत असतात, ते पेरुजियात येऊन आम्हाला मिळाले आणि त्यांच्या गाडीतून आम्ही उत्तरेला मोंतोने गावी गेलो. टेकडीवर तटबंदीत बसलेलं हे गाव दोन हजारांहूनही कमी वस्तीचं. गावाचा जुना अभिमान म्हणजे ब्राच्चो दा मोंतोने, पैसे घेऊन लढाया करून देणारा पंधराव्या शतकातला सरदार. १४२४ मध्ये तो मेला. आपल्या कामाचा माणूस त्याच्यानंतर पाचशे वीस वर्षांनी तिथं आला.

यशवंत घाडगे हे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. मराठा लाईट इन्फंट्रीच्या पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे जण मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावत गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा या दोघांनाही गप्प केलं. मग टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. गोळ्या भरायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानं मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्या मोर्च्यातच ते गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

छत्रपतींची राख संगमावर पडली आणि तिच्यावर छत्री झाली. नाईकाचा देहच सापडला नाही. कॅसिनोच्या युद्धस्मशानात, ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत घाडग्यांचं नाव आहे. आमचे दिवस संपले होते, कॅसिनोला जाणं झालं नाही. पण मोंतोनेच्या लोकांनी आणि भारतीय सेनेनं मिळून जुलै २०२३ मध्ये गावात त्यांचं स्मारक केलं. स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. पुतळा नाही, तोफ नाही. मला ते फार आवडलं. जावई घड्याळ लावून ताळा करत बसला. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढं असतात, त्यामुळं वेळ काही जुळेना!

दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसवाले मराठा म्हणजे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून बाहेर काढलं, मग तीन मशीनगनची ठाणी संपवली. ते जगले, १९८४ पर्यंत. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. तिथं दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे होते. आपल्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात हिटलर होता, मुसोलिनी होता, हिरोशिमा होतं. यातलं काही होतं का? सरांनी आठवून सांगावं.

वाशिमचं काय, असं कुणी विचारील. रोमच्या फोरममध्ये गाईड सांगत होता, पश्चिमेकडचा शेवटचा रोमन सम्राट ४७६ मध्ये गादीवरून उतरला. मी मनात हिशेब केला. त्याच सुमाराला आपल्या वत्सगुल्मात वाकाटक हरिषेणाचं राज्य होतं आणि अजिंठ्याची लेणी कोरली जात होती. रोममध्ये त्या काळाचे खांब तरी उभे आहेत. आपल्याकडे १९३९ मध्ये सापडलेला विंध्यशक्तीचा ताम्रपट आहे, म्हणून निदान हरिषेणाच्या आधीचं नाव तरी हाती लागतं. बाकीचं वत्सगुल्म आपल्या घरांखाली असणार.

पण माझा खरा प्रश्न त्याहून अलीकडचा आहे, आणि त्यासाठीच हा लेख. आपल्या गावांतून 'लढाईवर' गेलेले आजोबा-पणजोबा कुणाच्या घरी होते का? युद्धस्मशानांच्या नोंदवह्यांत हिंदी सैनिकांच्या नावापुढे पुष्कळदा बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, आणि त्या आता इंटरनेटवर बघता येतात. फक्त १९०५ ते १९९८ आपला जिल्हा नव्हता, म्हणून शोधताना अकोला घालायचं, आणि वाशिमऐवजी इंग्रजी कागदांतलं जुनं बासिम. घरात सहा टोकांची तांब्याच्या रंगाची चांदणी असेल आणि तिच्या फितीवर लाल, पांढरे, हिरवे पट्टे असतील, तर तो माणूस इटलीत होता. अशी चांदणी कुणाकडे निघाली, तर मेळाव्याच्या दिवशी सोबत घेऊन या.