वरनं गेलेला पैसा

"घाटावरनं पैसा गेला, आपल्याकडं नुसतं ओझं आलं." वैशाखऱ्यात नाणेघाटाचा विषय निघाला की आजा हे वाक्य टाकायचाच. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीच्या नाण्यांनी तो रोज भरायचा, ही गोष्ट मुरबाड तालुक्यात कुणाही म्हाताऱ्याकडून ऐकायला मिळते. आजा तीत आपली भर घालायचा. रांजण भरायचा तो वर, जुन्नरच्या अंगाला. खालच्यांनी फक्त चढायचं.

आजा शाळेत गेला नव्हता, पण वरच्या लेण्यातला लेख त्याच्या बाजूने साक्ष देतो. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या त्या ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री आहे. गाई, घोडे, हत्ती, गावं आणि हजारोंनी कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी. एका ठिकाणी तर 24,400. दोन हजार वर्षांमागचा हा हिशेब आकड्यांसकट दगडात कोरलेला आहे. ज्या वाटेच्या जिवावर ही श्रीमंती होती, ती सोपारा-कल्याणकडून येऊन आमच्या गावाजवळूनच चढते. तरी नांगरताना इथे कुणाला एखादं कार्षापण मिळाल्याचं माझ्या कानावर नाही. मिळालं असेलही. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावा लागतो, आणि आमच्याकडे सापडलेलं बोलून दाखवायची रीत नाही.

आज्याचं पंचांग मात्र नाण्यांवर चालायचं. "कोतवालांना सिद्धगडावर मारलं, त्या साली भोकाचा पैसा आला." हे अगदी बरोबर आहे. क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या रानात पडले, आणि त्याच साली युद्धातल्या धातुटंचाईपायी सरकारने मधोमध भोक असलेला हलका पैसा काढला. "सरकारनं पैशाचं काळीज काढून घेतलं," आजा म्हणायचा. पोरांची मात्र चंगळ झाली. पैसा हरवायला नको म्हणून करदोट्यात ओवून घ्यायचा.

1957 च्या 1 एप्रिलला नवे पैसे आले, तेव्हाचा त्याचा राग म्हातारपणीही उतरला नव्हता. आण्याला सहा नवे पैसे आणि चार आण्यांना पंचवीस, असा तो कोष्टकाचा हिशेब. ज्याच्याकडे पावली आहे त्याला पंचवीस पैशांचा माल, आणि जो बिचारा एकेक आण्याचं मीठ-तेल चार खेपांना नेतो त्याला चोवीसचाच. मधला पैसा दुकानदाराचा. हे त्याला कुणी समजावलं नव्हतं. बोटांवर मोजून त्यानेच पकडलं होतं.

घरात जुनी नाणी राहिली ती आजीमुळे. तिच्या गळ्यात राणीछाप रुपये होते. ते तिच्या सासूने म्हशाच्या जत्रेत बैल विकून आलेल्या पैशांतून बाजूला काढलेले. त्या काळी रुपया उंबऱ्याच्या दगडावर वाजवून घ्यायचे. 1940 नंतर रुपयातली चांदी निम्म्यावर आली, तेव्हा आवाज बसका झाला आणि आजीने नवे रुपये माळेत घ्यायचे बंद केले. एक राणीछाप हातात घेतला की वजन जाणवतं: साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे बरोबर तोळाभर. राणीचा गाल झिजून सपाट झालेला, डोक्यावर सोनाराने डाख देऊन बसवलेली कडी, आणि कडीच्या बुडाशी काळा पडलेला मळ.

ही माळ मी मुंबईत एका नाणी विकणाऱ्याला दाखवली. त्याने भिंग लावलंच नाही. कडी लावलेल्या नाण्याला संग्राहकाच्या लेखी किंमत नाही, चांदीच्या भावाने घेतो म्हणाला. त्याचा धंदा त्याला ठाऊक. पण कडी नसती तर ते रुपये कुठल्या तरी दुष्काळात वाण्याकडे गेले असते आणि पुढे वितळले असते. ज्या डागाने त्यांची किंमत गेली, त्यानेच ते वाचले.

खिशातल्या चिल्लरीकडे मी बघायला लागलो तो तेव्हापासून. टोकावड्याच्या टपरीवर पन्नासची नोट मोडली, तर परत आलेल्या सुट्ट्यांत दोन रुपयांचं अकरा कोनी नाणं निघालं. त्यावर शिवाजी महाराज, साल 1999. आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी तांब्याची शिवराई आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', दोन्ही निम्मेच छापलेले, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. 1674 नंतर सुरू झालेलं हे नाणं इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत होतं. त्यावर महाराजांचं नुसतं नाव; चेहरा आला तो या दोनाच्या नाण्यावर, आणि तो चहाच्या सुट्ट्यांत फिरतोय.

भाच्याने लगेच मोबाईल काढला. म्हणे असल्या नाण्याला लाखो मिळतात. मिळत नाहीत. टाकसाळीतून अशी नाणी ढिगाने निघालेली असतात; हौशी माणूस दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त देईल, इतकंच. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून आधी 'फी' उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेनेच 2021 मध्ये जाहीर केलं होतं. भाच्याला ते पटलं नाही, पण त्याने नाणं उलटून सालाखाली हिरा आहे का ते पाहिलं. असला तर मुंबईची टाकसाळ, हे त्याला माहीत होतं.

टपरीवाल्याला मी गल्ला बघू का विचारलं. त्याने डबाच पालथा केला. त्यात गेंड्याचे चार आणे निघाले, जे 2011 पासून चलनातून बाद आहेत. आठ आणे निघाले, जे कायद्याने अजून चालतात आणि त्याच्याकडे चालत नाहीत. आणि 1999 चाच ज्ञानेश्वरांचा एक रुपया. तो मी मागितला.

"न्या की," तो म्हणाला, "पण बदल्यात दहाचं नाणं देऊ नका. कोण घेत नाही."

दहाची सगळी नाणी चालतात, रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये चौदा नमुन्यांची यादीच दिली आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि रुपयाला रुपया मोजून घेतला.