माड घाट चढतो

कोकणातून घाट चढून गेलेल्या मंडळींचा इतिहास श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांपासून सांगायची पद्धत आहे. ते १७१३ साली पेशवे झाले आणि मागोमाग भाऊबंद, फणसपोळ्या आणि नारळ असे बरेचसे कोकण वर गेले. नारळ गेला, माड मात्र समुद्राकडे तोंड करून खालीच राहिला. ही बाब माझ्या लक्षात आली ती इतिहासाच्या अभ्यासामुळे नव्हे (मी बी.कॉम. आहे), तर पनवेलहून निफाडला झालेल्या बदलीमुळे.

निघताना आईने हातात नारळाचे रोप दिले. आमच्या परसातला माड अण्णांनी लावलेला. अण्णा गेले, घर पाडून इमारत व्हायचे ठरले, आणि नकाशात माडाच्या जागी पार्किंगचा खांब आला. आईने आधीच चार नारळ मातीत घालून ठेवले होते. त्यातला एक रुजला.

"अण्णांचा आहे. सांभाळ," ती म्हणाली. बँकेत आम्ही लाखोंची रोकड सांभाळतो, पण तिची पावती तरी मिळते. एस.टी.च्या कंडक्टरने रोपाकडे बघून "अर्धं की पूर्ण?" एवढेच विचारले.

पनवेलचा माणूस थंडी कॅलेंडरात बघतो. निफाडला ती पांघरुणात शिरते. कधीकधी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. माडाला हवे २७ अंशांच्या आसपासचे हवामान, म्हणजे आमच्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनइतके.

आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला फांदीच नाही. शेंड्यात एकच कोंब, तो मेला की झाड मेले. एकही शाखा नसलेली, नुसत्या हेड ऑफिसवर चालणारी बँक म्हणा ना!

हे दुखणे राजघराण्यांनाही चुकलेले नाही. इंग्रजांना ताडामाडांची भारी हौस. लंडनजवळ क्यू इथे त्यांनी १८४४ ते १८४८ अशी चार वर्षे खपून लोखंड आणि काचेचा महाल बांधला, तो राहायला नव्हे, ताडामाडांना ऊब मिळावी म्हणून. मग रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४९ मध्ये चीनहून एका काटक ताडाची रोपे धाडली. हा ताड अंगावर स्वतःचेच केसाळ स्वेटर घालून वाढतो. चिनी शेतकरी त्या धाग्यांचे पावसाळी डगले करीत. १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी प्रिन्स अल्बर्टने त्यातला एक ऑस्बोर्नच्या बागेत उघड्यावर लावला. आमच्या कुमाऊँतही त्याचा एक भाऊ बर्फात उभा असतो. पण अण्णांचा माड त्या गोत्रातला नव्हता. त्याला स्वेटर आम्हीच घालायचे होते.

एका द्राक्षबागाईतदार खातेदाराने ड्राफ्ट मिळेपर्यंत शिकवणी दिली. "भाऊसाहेब, रात्री गोणपाट गुंडाळा, बुडाशी पालापाचोळा घाला. पण सकाळी ऊन आलं की सोडा, नाहीतर आत कुजंल." तेव्हापासून रात्री साडेनऊला बांधणे आणि सकाळी आठला सोडणे. कॅश मोजतानाही माझ्या हाताला सुतळीचा वास येई.

जानेवारीत आई आली. तिने गोणपाट तपासले आणि ट्रंकेतून अण्णांची कानटोपी काढली. पनवेलच्या हवेत ती त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदा घातली असेल. आईने ती रोपाच्या शेंड्यावर बसवली आणि बंद हनुवटीखाली बांधावेत तसे बांधले. शेजारच्या मुलांनी त्याला "आजोबा" म्हणायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात थंडीची लाट आली. दोन पाने तपकिरी पडून वाळली. खातेदार म्हणाले, "मधला कोंब हलकेच ओढून बघा. हातात आला तर संपलं."

सकाळी टोपी काढली. कोंब चिमटीत धरला. एवढ्यात मागून आई ओरडली, "अरे, ओढतोस काय? दुधाचा दात आहे का तो?"

मी हात मागे घेतला. तिने टोपी झटकली आणि उन्हात वाळत घातली, रात्रीसाठी.