अंधाराची तिजोरी

बँकेतल्या माणसांचा कोणावरही विश्वास नसतो, असा लोकांचा गैरसमज आहे. खरं सांगायचं तर तो गैरसमज नाही. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, आणि दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे बँकेचा मॅनेजरवरही विश्वास नाही आणि कॅशियरवरही नाही. दोघं एकाच दिवशी बिघडणार नाहीत, एवढ्या एका आशेवर सगळा कारभार चाललेला असतो. संशयाच्या बाबतीत आमचा हात कोणी धरणार नाही, असं मला वाटायचं. मग माझ्या भाच्यानं तो मोठा कॅमेरा घेतला आणि कळलं, की फोटोवाले आमच्याही वरचढ आहेत. आम्ही माणसांचा संशय घेतो, ते उजेडाचा घेतात.

आता तुम्ही म्हणाल, उजेडाशिवाय फोटो निघणार कसा? तीच तर गंमत आहे. उजेड हवा, पण ठरलेल्या दारानं, ठरलेल्या वेळी आणि ठरलेला तेवढाच. बाकीच्या वेळी तो चोर!

भाच्याचा कॅमेरा म्हणजे पुढं भिंग, मागं दुधी काच आणि मधे हार्मोनियमसारखा भाता. फिल्मचं रीळ नाही. चार इंच बाय पाच इंचाची सुटी फिल्म, अंधारात एका चपट्या पेटीत भरायची. त्या पेटीला होल्डर म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक फिल्म आणि प्रत्येकीवर एक सरकतं झाकण, त्याचं नाव डार्क स्लाइड. या स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर असेल तर आतली फिल्म कोरी, काळी असेल तर वापरलेली. कोरा चेक आणि वटलेला चेक एकाच खणात ठेवू नये, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. फोटोवाल्यांना ते कोणी शिकवलं, देव जाणे.

पण या पेटीचा इतिहास खाली नाक्यावर भेटावा तसा सहज भेटत नाही. तो तंबूपासून सुरू होतो. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ओल्या काचेची पद्धत काढली. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, आणि काच ओली आहे तोवर फोटो घेऊन तो धुऊनही टाकायचा. काच वाळली की संपलं. त्यामुळं जिथं फोटो तिथं अंधारखोली हवीच. १८५५ साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढायला गेला, तो एका दारूविक्याची गाडी विकत घेऊन, तिची अंधारखोली करून. बरोबर सातशे काचा आणि छत्तीस पेटारे. गाडी फिक्या रंगाची, त्यामुळं रशियन तोफखान्याला लांबूनही दिसायची. आत अंधार राखायचा तर बाहेरून गोळे! सॅम्युएल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि तंबू, काचा, औषधं हमालांच्या पाठीवर लादून हिमालयात शिरला. १८६६ साली त्यानं मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून उंचावर फोटो काढले. हमाल वाटेतच पळून जात, अशी त्याची तक्रार होती. काचांचं ओझं पाठीवर आणि पुढं अठरा हजार फूट; मी असतो तर पायथ्याशीच रजेचा अर्ज दिला असता.

मग १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरानं जिलेटिनची कोरडी काच सुचवली. पुढच्या सात-आठ वर्षांत ती इतकी सुधारली, की घरी अंधारात काचा भराव्यात, हवं तिथं फोटो घ्यावेत आणि सवडीनं परत येऊन धुवावेत. तंबू गेला, गाडी गेली, हमाल सुटले. पण सगळी सोय फुकट मिळत नाही. कोरडी काच ओल्या काचेपेक्षा कितीतरी तिखट. जो चोरटा उजेड ओल्या काचेनं पोटात घातला असता, तो हिला सोसेना. आणि पूर्वी जो अंधार तंबूभर होता, तो आता बोटभर जाडीच्या पेटीत घालून भर उन्हातून न्यायचा. पुढं काचेच्या जागी फिल्म आली, पण पेटी तीच राहिली आणि चिंताही.

ही चिंता काय असते, ते मला रविवारी कळतं. भाचा फोटोला निघाला की मी त्याचा छत्रीवाला. काळी छत्री, कारण रंगीत छत्री त्याला चालत नाही.

"मामा, इकडे. होल्डरवर सावली हवी, माझ्यावर नको."

"अरे, पण तुला ऊन लागेल."

"मला फॉग येत नाही, मामा."

मग विधी सुरू होतो. पेटी पिशवीतून काढायची ती सावलीतच. कॅमेऱ्यात नीट बसली का, हे बोटानं चाचपायचं. भिंगाचं झाकण मिटलंय ना, पुन्हा बघायचं. मग वरून काळं कापड टाकून, एका हातानं होल्डर दाबून धरून, दुसऱ्या हातानं स्लाइड सरळ ओढायची. तिरपी नाही. कारण स्लाइडच्या फटीत मखमलीची पट्टी असते, आमच्या दारावरच्या वॉचमनसारखी. स्लाइड सरळ गेली-आली तर ती फट मिटवते. एक कोपरा आधी घुसवला तर पट्टी तिथं दबते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून ऊन आत येतं. पट्टी जुनी होऊन झिजली, की वॉचमन निवृत्तीला आला समजावं. भात्याला भोक पडलं का, हे बघायला भाचा रात्री खोलीत अंधार करून आत विजेरी लावतो आणि बाहेरून चांदण्या शोधतो. चांदणी दिसली की त्याची झोप उडते.

एवढ्या सोपस्काराला मी हसायचो. मग त्यानं मला ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट सांगितली. १९४१ साली हे अमेरिकन फोटोग्राफर न्यू मेक्सिकोत संध्याकाळी मोटारीनं परतत होते. हर्नान्डेझ गावापाशी चंद्र वर आलेला, खाली स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं ऊन. गाडी थांबवली, कॅमेरा उभा केला, तर उजेड मोजायचं यंत्र सापडेना. चंद्राचं तेज त्यांना पाठ होतं, त्यावरून हिशोब मांडला आणि एक सेकंदाचा फोटो घेतला. दुसरा घ्यावा म्हणून होल्डर उलटा केला, स्लाइड ओढली, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं. हाती राहिली एकच फिल्म. घाईत पहिली स्लाइड वाकडी गेली असती, तर 'मूनराइझ' हे नाव आज कोणाला ठाऊकही नसतं. या गृहस्थांनी तारीख मात्र लिहून ठेवली नव्हती! आमच्याकडे असलं व्हाउचर पास झालं नसतं. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं, अशी नोंद पुरी केली.

तरी मी हसणं थांबवलं ते ॲडम्समुळं नाही.

आमच्या शाखेत १९७४ सालचा एक ग्रुप फोटो आहे. मागच्या अंगणात, भर दुपारी, असल्याच मोठ्या कॅमेऱ्यावर काढलेला. फोटो काढणाऱ्याचं नाव खाली नाही, ते बरंच आहे. उजव्या कडेवरून एक पांढरा पट्टा तिरपा आत आलाय आणि टोकाच्या माणसाचा चेहरा त्यात बुडालाय. भाच्यानं बघताक्षणी सांगितलं, "स्लाइड तिरपी ओढलीय, मामा, आणि उन्हात." निगेटिव्हवर जिथं जास्त उजेड पडतो, तिथं छापताना पांढरं उमटतं. टोकाचे गृहस्थ म्हणजे तेव्हाचे हेड कॅशियर. कॅश केबिनचं दार दिसावं म्हणून ते टोकाला उभे राहिले, असं जुने लोक सांगतात.

त्यांची मुलगी मध्यंतरी शाखेत आली. साठीच्या बाई. सांगलीच्या २०१९ च्या पुरात घरातले सगळे फोटो गेले होते. बँकेत एक आहे, असं कोणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, "ताई, आधी बसा." आणि मग फोटो उतरवून पुढं ठेवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. पट्ट्याच्या खाली सदऱ्याची बटणं दिसत होती, आणि एक हात.

"हा बाबांचाच हात," त्या म्हणाल्या. "किल्ल्या अशाच धरायचे. घरीसुद्धा."

त्यांना त्या फोटोची प्रत हवी होती, आहे तश्शी. भाच्यानं ती त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढून दिली, शाखेच्या मागच्या अंगणात, सकाळी. छत्री मी धरली होती. चार वेळा स्लाइड सरळ गेली आणि सरळ आली, आणि हात भरून आला तरी मी छत्री हलू दिली नाही.