श्वासाचा हिशेब



दहिवलीत उभे राहून साथीच्या इतिहासावर बोलायचे, तर सुरुवात बोरघाटापासूनच केली पाहिजे. हा घाट फोडून लोहमार्ग वर नेण्याचे काम चालू होते तेव्हा, १८६१ साली, तेथे बेचाळीस हजारांपर्यंत माणसे राबत होती. त्यांच्या छावण्यांतून पटकीचा फेरा होई. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. ह्या दोघांची नावे इतिहासात राहिली. मजुरांची राहिली नाहीत. मजूर मेला तर त्याच्या शरीरात आत काय घडले, हा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. मी कामगार संघटनेतला माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तेव्हा डॉक्टरकीचा आव न आणता तोच प्रश्न अलीकडच्या साथीविषयी विचारतो : करोनाने माणसाच्या शरीरात नेमके काय केले?

पण आधी १९१८ साल. त्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांपैकी काही जण तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्यास होता. पाहता पाहता शहर फणफणले. ती पहिली लाट सौम्य म्हणावी अशी दुसरी सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबर ह्या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. देशभरात एक कोटीहून अधिक गेली. आगगाडीने माणसांबरोबर ताप गावोगाव पोचविला. आणि त्या वेळचे डॉक्टर भलत्याच एका जिवाणूला आरोपी धरून बसले होते! इन्फ्लुएंझाचा खरा विषाणू माणसाच्या घशातून वेगळा काढण्यास १९३३ साल उजाडले.

ह्या वेळी आरोपी लवकर सापडला. चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूची सारी लिपी, सुमारे तीस हजार अक्षरांची, जानेवारी २०२० मध्येच जगापुढे ठेवली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस केरळात भारतातला पहिला रुग्ण आढळला आणि ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले. पुण्यातच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, १९५२ साली स्थापन झालेली. केरळच्या त्या रुग्णाच्या घशातील नमुन्यात दिसलेल्या कणाचे छायाचित्र ह्या संस्थेने मार्चमध्ये प्रसिद्ध केले. कण केवढा, तर सुमारे ७५ नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे तेरा हजार कण ओळीने बसतील.

ह्या कुळाला करोना, म्हणजे मुकुट, हे नाव पडले ते १९६८ साली. माणसातला असा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहणारी बाई जून अल्मेडा. ग्लासगोच्या एका बस ड्रायव्हरची ही मुलगी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली आणि कामावरच शास्त्रज्ञ झाली. आमच्या वर्गातली म्हणून मुद्दाम सांगितले. असो.

आता आत जाऊ. शरीरातील प्रत्येक पेशी हा एक छोटा कारखाना समजा. केंद्रातून ऑर्डरच्या चिठ्ठ्या निघतात आणि रायबोसोम नावाची यंत्रे त्या वाचून प्रथिने तयार करतात. विषाणूजवळ स्वतःचा कारखाना नाही. त्याच्याजवळ आहे फक्त एक चिठ्ठी, चरबीच्या पाकिटात घातलेली, आणि पाकिटावर खिळ्यांसारखी प्रथिने. (साबणाने हात धुवा म्हणत होते ते एवढ्याचसाठी, साबणाने चरबीचे पाकीट फुटते.) आपल्या काही पेशींवर एसीई-२ नावाचे प्रथिन असते. त्याचे मूळ काम रक्तदाबाला आवर घालण्याचे. नेमका त्यालाच हा खिळा जाऊन बसतो. मग पेशीचेच दुसरे एक प्रथिन कात्रीसारखे चालून खिळा कापते, पाकीट पेशीच्या पापुद्र्यात मिसळते आणि चिठ्ठी आत पडते. रायबोसोमला खरी चिठ्ठी कोणती, खोटी कोणती हे कळत नाही. ते माल काढू लागते.

पहिला माल असतो चिठ्ठीच्या नकला करणाऱ्या यंत्राचा. मग पेशीच्या स्वतःच्या ऑर्डरी मागे पडतात. पेशी एरवी शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. ही धोक्याची घंटा विषाणू दाबून धरतो. नकला काढण्याचे काम पापुद्र्याच्या पिशव्यांत लपून चालते. नवे कण बाहेर पडतात, शेजारच्या पेशींना लागतात, आणि कारखाना बंद पडतो.

नाकात हे घडले की वास जातो. वासाचे मज्जातंतू मेले असे आधी वाटले होते. पण मार बसतो तो मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना. म्हणूनच बहुतेकांचा वास परत आला.

खरा घात फुप्फुसात. तेथे तीस ते पन्नास कोटी वायुकोश, बारीक फुग्यांसारखे. हे फुगे मिटू नयेत म्हणून एका जातीच्या पेशी आतून साबणासारखा लेप देत असतात, आणि एसीई-२ नेमके त्याच पेशींवर असते. त्या मेल्या की फुगे मिटू लागतात. शिवाय उशिरा जागी झालेली संरक्षक फौज मग आवरत नाही. रक्तवाहिन्या पाझरतात आणि फुगे पाण्याने भरतात. प्राणवायू आत जाईना, पण कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडतो, आणि धाप मुख्यतः लागते ती तो साठल्यावर. म्हणून माणूस बोलत असे, चहा पीत असे, आणि रक्तातला प्राणवायू ऐंशीवर आलेला असे. हे दाखविणारे बोटावरचे यंत्र ज्या तत्त्वावर चालते ते शोधणारा ताकुओ आओयागी हा जपानी अभियंता. १९७४ चा त्याचा शोध. घरोघरी ते यंत्र पोचत असतानाच, १८ एप्रिल २०२० रोजी, तो वारला.

आजार फुप्फुसापाशी थांबत नाही. रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते आणि बारीक गुठळ्या धरतात. त्यातून कोणाचे हृदय, कोणाचा मेंदू. मूत्रपिंडे थकून डायलिसिसवर गेलेलेही पुष्कळ. जून २०२० मध्ये इंग्लंडातील मोठ्या चाचणीने दाखविले की, डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध खवळलेल्या फौजेला आवरते; व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्याने एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र फायदा नव्हता. तरी ते सरसकट दिले गेले, आणि २०२१ मध्ये मधुमेह्यांना काळ्या बुरशीने गाठले. महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले.

त्याच एप्रिलात प्राणवायू संपत आला. १९ एप्रिल २०२१ रोजी आपल्या रायगडातल्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन गाडी विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाली. वाघिणीवर चढविलेल्या टँकरची उंची घाटातल्या बोगद्यांत बसेना; म्हणून आपला बोरघाट टाळून वसई, सुरत, नागपूर असा वळसा घ्यावा लागला. गाडी भरून परतेपर्यंत २१ तारखेस नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा दाब पडला, आणि किमान बावीस रुग्ण गेले. लोखंड वितळविणाऱ्या हातांनी भरलेले टँकर नागपूर-नाशिकला पोचले ते २३-२४ तारखेला.

आता जे अजून संपलेले नाही त्याकडे येतो. आजार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनीही थकवा, धाप, विसरभोळेपणा राहिला, तर त्यास जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या दिली. कारखान्यात मात्र ह्यास अंगचोरपणा म्हणतात. खालापुराकडच्या एका कारखान्यातला आमचा सभासद, वय एकेचाळीस, तीन आठवडे दवाखान्यात काढून कामावर आला. बसून तपासले तर यंत्रात आकडा सत्त्याण्णव. ‘फिट’ असा दाखला मिळाला. जिना चढून पोती नेताना तो तिसऱ्या खेपेस बसू लागला, तेव्हा सुपरवायझरने गैरहजेरी मांडली. आम्ही भांडलो ते पगारासाठी नव्हे, पुन्हा तपासणीसाठी. साथीच्या दिवसांत सरकारनेच घरोघर सांगितलेली ती चाचणी आहे : सहा मिनिटे चालायचे आणि मग आकडा पाहायचा. कंपनीच्या डॉक्टरसमोर, कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर तो आवारात चालला. चौथ्या मिनिटाला भिंतीला हात टेकला. सहाव्याला आकडा एक्याण्णव होता. डॉक्टरांनी यंत्र बदलून पाहिले. आकडा तोच आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला वजनकाट्यावर बसून करायचे काम मिळाले.