देवीची लस आणि घशातील बहुरूपी

बेळगावच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने ओळखले जाणारे विस्तीर्ण मैदान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे देवीची लस तयार करणारी संस्था उभी राहिली आणि मुंबई इलाख्यात येथून लस जाऊ लागली. वासरांच्या कातडीवर वाढविलेली ती लस दंडावर टोचली, की शरीराला देवीच्या रोगाची आगाऊ ओळख पटे. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

एवढ्या भयंकर रोगावर जी युक्ती चालली, ती बेळगाव-निपाणीकडील घरांतून नित्य आढळणाऱ्या मुलांच्या घसादुखीवर का चालू नये? घसादुखीच्या अनेक कारणांपैकी एक असलेल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूवर अद्याप लस उपलब्ध नाही. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

1874 साली बिलरोथ या शल्यवैद्याने जखमांत दिसलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या या जंतूंना हे नाव दिले. पुढे 1882 साली मेचनिकॉफ यांना शरीरातील काही पेशी परक्या वस्तूला वेढून गिळतात असे आढळले. एर्लिक यांचा भर मात्र रक्तातील प्रतिद्रव्यांवर होता. 1908 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि ते योग्यच झाले. कारण या जंतूशी लढताना दोन्ही दले एकत्र यावी लागतात. जंतूच्या अंगावरील ‘एम’ प्रथिनामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. प्रतिद्रव्य त्या प्रथिनाला चिकटले, म्हणजे मात्र तो त्यांच्या तावडीत सापडतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड यांनी या प्रथिनाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याचे प्रकार अनेक असून एका प्रकारावरील प्रतिद्रव्य सहसा दुसऱ्यावर चालत नाही, असे त्यांनी दाखविले. आज असे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. हा शत्रू खरा बहुरूपी आहे!

याहून मोठा धोका निराळाच आहे. या जंतूचे काही घटक हृदयातील घटकांसारखे असतात. त्यामुळे काही मुलांत, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, शरीराचा प्रतिकार स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटतो. यालाच रुमॅटिक ज्वर म्हणतात. सांधे सुधारतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या अधू होऊ शकतात. लस करणाऱ्यालाही हाच पेच पडतो: प्रतिकार जागवावा, पण तो घरावर उलटू देऊ नये.

सुदैवाने दुसरा मार्ग आहे. 1950 साली अमेरिकन सैनिकांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले, की घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिल्यास रुमॅटिक ज्वर टळतो. म्हणून ताप आणि घशाच्या तीव्र दुखण्याने मूल अन्न गिळेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि त्यांनी दहा दिवसांचे औषध दिले असल्यास, तिसऱ्या दिवशी मूल अंगणात खेळू लागले तरी, ते दहाही दिवस द्यावे.