एक बोर्ड, अनेक वाद्यं

मंडळी, आज जरा इतिहासात डोकावू. प्रश्न साधा आहे. घरी सोल्डरिंग करून तीन-चार इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवली, तर कंट्रोलर बोर्ड किती घ्यायचे? आज कुणीही म्हणेल, "जितकी वाद्यं तितके बोर्ड, स्वस्त तर मिळतात!" १९७७ साली मात्र ही चैन परवडणारी नव्हती. गंमत म्हणजे, त्या अडचणीतूनच काही सुंदर संगीत जन्माला आलं.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ हा प्रोसेसर फक्त २५ डॉलरला विकायला काढला. आदल्याच वर्षी आलेला इंटेलचा ८०८० सुरुवातीला ३६० डॉलरला होता, म्हणजे बघा! हा ६५०२ लोकांना हाताळून बघता यावा म्हणून १९७६ मध्ये किम-१ नावाचा तयार बोर्ड आला. किंमत २४५ डॉलर, मेमरी १ किलोबाइट. (तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही.) स्क्रीन वगैरे काही नाही. सहा आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले, २३ बटणांचं कीपॅड, आणि प्रोग्राम साठवायला गाण्याची साधी कॅसेट. पण बोर्डाच्या काठावर बाहेरची यंत्रं जोडण्यासाठी १५ लाइन होत्या. आपली गोष्ट तिथे सुरू होते.

डेव्हिड बेहरमन हे संगीतकार आपले सिंथेसायझर स्वतःच बनवत. १९७७ मधल्या 'फिगर इन अ क्लिअरिंग' या रचनेत त्यांनी एका किम-१ ला घरगुती सिंथेसायझरमधले ३३ ऑसिलेटर जोडले. पुढचा कॉर्ड कधी बदलायचा, एवढंच बोर्ड ठरवायचा. त्या वेळांचं गणित त्यांनी घेतलं होतं ग्रहाभोवती लंबवर्तुळात फिरत खाली येणाऱ्या उपग्रहावरून! सोबत चेलो वाजवणाऱ्या डेव्हिड गिब्सनकडे 'स्कोअर' म्हणून होते फक्त सहा सूर.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात 'ऑन द अदर ओशन' रेकॉर्ड झालं. बासरीवर मॅगी पेन, बसूनवर आर्थर स्टिडफोल. ठरलेल्या सहापैकी एखादा सूर लागला की बाहेरचं सर्किट तो ओळखायचं आणि किम-१ ला इंटरप्ट द्यायचं. आपल्याला रोज भेटणारा तोच इंटरप्ट! दारात कोणी आलंय का हे दर मिनिटाला उठून बघायचं नाही, बेल वाजली की जायचं. कोणता सूर कधी आणि कोणत्या क्रमाने आला हे पाहून बोर्ड दोन सिंथेसायझरची हार्मनी बदलायचा. ते ऐकून वादक आपलं वाजवणं बदलायचे. कोण कोणाची साथ करतंय तेच कळू नये!

यात महत्त्वाचं काय? किम-१ स्वतः एकही सूर काढत नव्हता. सूर काढायचं काम बाहेरच्या ॲनालॉग सर्किटांचं, निर्णय घ्यायचं काम बोर्डाचं. ही वाटणी झाली म्हणूनच एवढासा बोर्ड इतक्यांना पुरला. आपण ज्याला आज मोठ्या तोऱ्यात 'आर्किटेक्चर' म्हणतो, ते हेच.

१९७८ मध्ये जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड यांनी 'लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स' काढली. तिथे प्रत्येकाचा किम-१ वेगळा, पण तारांनी एकमेकांना जोडलेला. बोर्ड सामायिक नव्हता, माहिती सामायिक होती.

आता २०१० चा आर्डुइनो उनो घ्या: २ किलोबाइट रॅम, १४ डिजिटल आणि ६ ॲनालॉग पिना. किम-१ च्या मानाने श्रीमंतीच. तरी माझ्या टेबलावरच्या तीन वाद्यांना मी एकच बोर्ड ठेवलाय, आणि तो पैसे वाचवायला नाही. तीन बोर्ड लावले की तीन वाद्यं आपापल्या नादात वाजतात. मग त्यांना एका लयीत आणायला वेगळा खटाटोप. एक बोर्ड असला की सगळ्यांचं ऐकणारा कोणीतरी एक असतो, आणि सगळे बरोबर समेवर येतात. तोटाही आहे. तो एक हँग झाला की अख्खी मैफल बंद!

पण मला हा सौदा मान्य आहे. वाद्यं वाढवणं सोपं असतं हो, त्यांनी एकमेकांचं ऐकणं अवघड.