शेणातला करपा

चाकणच्या कांदाबाजाराजवळ माझं लहानपण गेलं. खेड तालुक्यातल्या शेतातून मामूंची कांद्याची गाडी यायची. एका साली ती आलीच नाही. पातीवर ठिपके पडले, माना पिळवटल्या आणि शेत बसलं. ‘काळा करपा,’ मामू एवढंच बोलले. त्या वर्षी आपाचं लग्न पुढे गेलं. हा रोग कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीने येतो, हे मला फार उशिरा कळलं.

तिची पुन्हा गाठ पडली ती चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला. पुस्तकातूनच म्हणा. तिथल्या शेतांत दगड झालेलं शेण सापडतं. होय, शेणच! चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली त्यावर लेख लिहिला. ते बहुधा टायटनोसॉर जातीच्या, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचं असावं, असं मानतात. वय साधारण साडेसहा-सात कोटी वर्षं. आपल्या पिंपरी-चिंचवडला पाया खणताना असलं काही हाती लागत नाही, कारण आपल्या पायाखाली काळा कातळ, म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. पिसदुऱ्याचे लमेटा थर त्या लाव्ह्याच्या खालचे.

२००५ साली वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर डायनासोरच्या काळात चरण्याजोगं गवत होतं, असं फारसं कुणी मानत नव्हतं. त्याचा गाजावाजा झाला, आणि तो रास्तच होता. पण त्याच सुमारास दुसऱ्या अभ्यासकांना तिथेच पानांवर जगणाऱ्या बुरश्या दिसल्या, त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. त्यांत कोलेटोट्रायकम होती, आणि द्राक्षावर भुरी आणणाऱ्या कुळातलीही. बुरशी पानावरची, म्हणजे जनावराने झाडाचा पाला ओरबाडला असणार, असा त्यांचा तर्क.

हे झाले झाडाचे परजीवी. जनावराच्या पोटातल्या जंतांसाठी बेल्जियममधल्या बेर्निसारला जावं लागतं. तिथल्या खाणीतल्या, याहून कितीतरी जुन्या शेणखड्यात जॉर्ज पॉइनार आणि आर्थर बूको यांना जंतांची अंडी आणि अमिबासारख्या जीवांची कोष्ठं मिळाली. ते २००६ साली प्रसिद्ध झालं.

राजगुरुनगरला आता कांदा-लसूण संशोधन संस्था आहे, करप्यावर तिथे काम चालतं. मामू ते पाहायला राहिले नाहीत. असते, तर हे सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं असतं, ‘मग करपलेला पाला त्या जनावराने टाकला की खाल्ला?’

खाल्ला, मामू.